जुलै 2003, इराक आणि आमच्या माजी सैनिकांचा ठराव : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण वीस वर्षांपेक्षा जुनं आहे. माणसांची, गावाची आणि संघटनेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, बाकी घडलं तसंच लिहिलंय. आत्ता लिहायचं कारण एवढंच की वर्गात मुलं दर दोन-तीन वर्षांनी तोच प्रश्न घेऊन येतात, एखाद्या बलाढ्य देशानं मित्रांचा पाठिंबा नसताना युद्धात उतरावं का, आणि मला प्रत्येक वेळी पुस्तकाआधी कोल्हापुरातल्या त्या हॉलची आठवण होते.

पार्श्वभूमी

तेव्हा मी शहरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. वडील फौजेतून रिटायर झालेले, त्यामुळं तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेतली बरीच माणसं घरची होती. आपल्या जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं गाव शोधायला लागेल. मराठा पलटणीत तर बाप, लेक, नातू अशा पिढ्याच्या पिढ्या आहेत.

20 मार्च 2003 ला अमेरिकेनं इराकवर हल्ला केला. सोबत ब्रिटन होतं, ऑस्ट्रेलियाचे साधारण दोन हजार सैनिक होते, पोलंडची छोटी तुकडी होती. पाठिंबा देणाऱ्या देशांची यादी लांबलचक होती पण प्रत्यक्ष लढायला आलेले एवढेच. फ्रान्स, जर्मनी, रशिया यांनी उघड नाही म्हटलं होतं. युनोच्या सुरक्षा परिषदेत नोव्हेंबर 2002 चा 1441 नंबरचा ठराव 15 विरुद्ध 0 असा पास झाला होता, पण तो शस्त्रतपासणीचा होता आणि शेवटची संधी देणारा होता. हल्ल्याला सरळ परवानगी देईल असा दुसरा ठराव पास होत नाही हे दिसल्यावर 17 मार्चला तो मागेच घेतला. 9 एप्रिलला बगदाद पडलं. त्याच सुमाराला आपल्या संसदेनं या युद्धाच्या निंदेचा ठराव केला.

आणि मग उन्हाळ्यात अमेरिकेनं भारताकडं फौज मागितली. एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे 17,000 सैनिक, उत्तर इराकचा भाग सांभाळायला. जूनमध्ये त्यांचे अधिकारी दिल्लीत बोलणी करायला येऊन गेले, पेपरात रोज काहीतरी यायला लागलं, आणि कॅन्टीनच्या रांगेत बातमी फिरायला लागली की आपली पलटण इराकला चाललीय. कोण म्हणतंय पगार डॉलरमध्ये मिळणार, कोण म्हणतंय यादीपण तयार झाली. खरं कुणालाच काही माहीत नव्हतं, पण ज्यांची पोरं सर्व्हिसमध्ये होती त्या घरांत झोप उडाली होती.

प्रश्न काय होता

संघटनेच्या दोन-तीन जणांनी एक ठराव तयार करून आणला होता. त्याचा सूर असा, की सरकारनं खुशाल फौज पाठवावी, आमची पोरं कुठंही जायला तयार आहेत, कोल्हापूरचा जवान मागं हटणार नाही. दुसऱ्या गटाला याच्या बरोबर उलटा, निषेधाचा ठराव पाहिजे होता. हे भांडण चार लोकांत जायला नको म्हणून अध्यक्षांनी मीटिंग बोलावली आणि मला सांगितलं, मास्तर, तुम्ही एक टिपण करून आणा, दोन पानाच्या वर नको.

मीटिंग एका पेठेत तालमीच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. जुलैचा पाऊस, खाली पोरांच्या जोर-बैठका चाललेल्या, ओल्या लाल मातीचा वास जिन्यातनं वर येत होता. सतरंजीवर पन्नासेक माणसं बसलेली, बरेचजण साठीच्या पुढचे.

अध्यक्ष सुभेदार मेजर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी सुरुवातीलाच जी गोष्ट केली ती या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते म्हणाले, "आपण जायचं का न्हाई हे मागनं बघू. आदी हे ठरवा, ज्यांनं बोलावलंय त्यो एकटा गेला ते बरोबर केलं का? त्याचंच चुकलं आसंल तर आपण कशाला निस्तराय जायचं, आणि बरोबर आसंल तर मग एवढे दोस्त न्हाई का म्हणाले?" म्हणजे दोन वेगळे प्रश्न. आमच्या दोन्ही गटांनी ते एकत्र करून टाकले होते, म्हणून भांडण पुढं सरकत नव्हतं.

माझी पहिली चूक

मी टिपणाची सुरुवात पानिपतापासून केली. मराठी माणसासमोर हा विषय काढायचा म्हटलं की पानिपत येणारच, आणि मी अगदी पुस्तकी मांडलं: 14 जानेवारी 1761, मराठे उत्तरेत एकटे पडले, सूरजमल जाट सोडून गेला, राजपूत घरात बसले, शुजाउद्दौला अब्दालीकडं गेला, मित्र नाहीत म्हणून रसद तुटली आणि घात झाला.

मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक ऐंशीच्या घरातले आबा होते, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले. त्यांनी हात वर केला. म्हणाले, "मास्तर, सोडून गेले म्हणताय, पण का गेले? राजपुतांकडनं खंडणी उपसताना इचार केलता का, की उद्या ह्यांच्या दारात मदत मागाय जायला लागंल? जाटानं सांगितलं बायका-पोरं, बुणगं मागं ठेवा, जड तोफा ठेवा, ते ऐकलं का?" मी म्हटलं नाही ऐकलं. "मग त्यो सोडून गेला म्हणू नका. त्येच्या जाण्याची तयारी आपणच केलती."

पूर्ण हॉल शांत. मला तिथं पहिल्यांदा कळलं की मी मित्र असणं-नसणं हे हवामानासारखं धरलं होतं, आहे तर आहे, नाही तर नाही. मित्राचा नकार हा बऱ्याचदा आपल्या आधीच्या वागण्याचा हिशोब असतो, किंवा त्याला काहीतरी दिसतंय जे आपल्याला बघायचं नाही. तो नकार ऐकून पुढं गेलं तर धोका आहे, आणि न ऐकता गेलं तर आणखी मोठा.

पर्यायांची चर्चा

इथून पुढं टिपण बाजूला राहिलं आणि माणसं आपापल्या अनुभवातनं बोलायला लागली.

एक जण 1990 मध्ये कुवेतला ड्रायव्हर होता, फौजी नव्हता, भावाबरोबर आला होता. 2 ऑगस्टला इराकी रणगाडे आले तेव्हा तो तिथंच होता, नंतर वाळवंटातनं जॉर्डनमधल्या अम्मानला पोचला आणि तिथनं एअर इंडियाच्या विमानानं घरी आला. अशी दीड लाखाच्या वर भारतीय माणसं तेव्हा विमानानं परत आणली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं, 1991 चं युद्ध बरोबर होतं कारण सगळे सोबत होते. मी त्याला आकड्यांची जोड दिली: सुरक्षा परिषदेचा 678 नंबरचा ठराव, 12 मतं बाजूनं, क्युबा आणि येमेन विरोधात, चीन तटस्थ. तीसपेक्षा जास्त देश सोबत, त्यात अरब देशसुद्धा. जमिनीवरची लढाई 100 तासांत संपली. खर्च सुमारे 61 अब्ज डॉलर आला आणि त्यातले पन्नास अब्जांच्या वर सौदी, कुवेत, जपान, जर्मनी वगैरेंनी भरले. तीच अमेरिका, तोच शत्रू, बारा वर्षांनी परत गेली तर बिल जवळपास सगळं स्वतःच्या खिशातनं.

यावर फौज पाठवा म्हणणाऱ्या गटातला एक हवालदार उठला. हा माणूस तावातावानं बोलायचा पण खोटं बोलायचा नाही. तो म्हणाला, पाठिंबा-पाठिंबा म्हणजे काय, जगातली सगळ्यात ताकदवान फौज अमेरिकेकडं, तीन आठवड्यांत बगदाद घेतलं की नाही? मित्रांनी काय उजेड पाडला असता?

हा पॉइंट खरा होता आणि त्याला उत्तर द्यायला मी घरातनं आणलेला शाळेचा नकाशा भिंतीवर लावला. खिळा एकच होता म्हणून एक कोपरा एका पोरानं शेवटपर्यंत हातानं धरून ठेवला होता. तुर्कस्तान दाखवलं. नाटोमधला जुना मित्र, इराकच्या उत्तरेला चिकटून. अमेरिकेला तिथनं 62,000 सैनिक उतरवायचे होते, बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत देऊ केली होती. 1 मार्चला त्यांच्या संसदेत मतदान झालं, 264 बाजूनं, 250 विरोधात, 19 तटस्थ. बाजूनं जास्त मतं पडूनसुद्धा ठराव पडला, कारण हजर असलेल्यांची निम्म्याच्या वर मतं पाहिजे होती. एका अख्ख्या डिव्हिजनचं सामान भरलेली जहाजं समुद्रात ताटकळत राहिली आणि शेवटी सुएझ कालव्यातनं वळसा घालून कुवेतला गेली. उत्तरेची आघाडी ठरली तशी उघडलीच नाही.

नकाशावर बोट ठेवून बघितल्यावर हॉलमधल्या फौजी माणसांना वेगळं काही समजवायला लागलं नाही. मित्र म्हणजे बंदूक घेऊन शेजारी उभा राहणारा एवढंच नाही, रस्ता देणारा, बंदर देणारा, जखमींना जागा देणारा, पैसा देणारासुद्धा मित्रच. एका सिग्नलवाल्या काकांनी एवढंच विचारलं, "आणि जो उत्तरेचा भाग तुर्कांनी दिला न्हाई, तोच आता आपल्याला सांभाळाय सांगतायत व्हय?" हो, तोच.

मी 1956 च्या सुएझचं उदाहरणपण दिलं. ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले, लढाईत पुढं होते, पण अमेरिकेनं पाठ फिरवली, पौंड गडगडायला लागला आणि आठवड्याभरात ब्रिटनला शस्त्रसंधी मान्य करायला लागली. त्या दिवशी ते फारसं कुणाला भिडलं नाही. लांबची गोष्ट वाटली.

भिडली ती श्रीलंका. तिथं जाऊन आलेले तिघं होते. 29 जुलै 1987 चा करार झाला, त्यांच्याच राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं म्हणून आपली फौज गेली, आणि दोन वर्षांत नवे राष्ट्राध्यक्ष म्हणाले चालते व्हा. मार्च 1990 ला शेवटची तुकडी परत आली तोपर्यंत अकराशेच्या वर जवान गेलेले. त्यातला एक नायक, उजवा हात कोपरापासून वाकत नव्हता, तो म्हणाला, "आमाला वाटलं हार घालतील. घातले बी, पयल्या आठवड्यात. मग ज्यांच्यासाटी गेलो त्यांनीच सुरुंग लावलं." त्याचा मुद्दा असा की तिथं कागदावर पाठिंबा होता, तरी निभलं नाही. म्हणजे नुसता पाठिंबा आहे का हे विचारून भागत नाही, कुणाचा आहे आणि किती दिवस टिकेल हेही बघायला पाहिजे.

मग आबा परत बोलले. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला लामावर, म्हणजे लढाईवर गेलेले. सहावी पुणे डिव्हिजन इराकातल्याच कुट-अल-अमारामध्ये डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत 147 दिवस वेढ्यात अडकली होती, मराठा पलटणीही त्यात होत्या, शेवटी सुमारे 13,000 माणसांनी शरणागती पत्करली. आबांच्या घरी त्यांच्या वडिलांची फक्त एक पितळी वाटी परत आली होती, कुणीतरी सोबत्यानं आणून दिलेली. "इराक घ्याय सोपं हाय," ते म्हणाले, "राखाय अवघड. तवा बी तसंच, आता बी तसंच."

ठराव कुणीकडं झुकणार हे त्या दिवशी एका वेगळ्याच बातमीनं ठरलं असं मला वाटतं. 23 मे 2003 ला बगदादमधल्या अमेरिकन प्रशासनानं इराकची अख्खी फौज एका हुकमानं बरखास्त केली होती. लाखो सैनिक, पगार बंद. मी हे टिपणात एका ओळीत लिहिलं होतं, वाचून दाखवलं तर हॉलमध्ये कुजबुज वाढली. ही सगळी पेन्शनवर जगणारी माणसं. फौज पाठवा म्हणणारा तो हवालदारच पहिल्यांदा बोलला, "बंदूक चालवाय शिकलेल्या माणसाचा पगार बंद केला? आणि बंदुका कुठं हायत, घरातच की." आणि अध्यक्ष म्हणाले, "बरोबरीचा कोण शेजारी बसलेला आसता तर म्हणला आसता, आरं थांब, आसं करू नगंस. एकट्याला थांब म्हणणारं कोण नसतंय."

अमेरिकेच्याच फौजेतला एक माणूस थांब म्हणाला होता खरं तर. त्यांचे लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारीत सिनेटच्या समितीसमोर सांगितलं होतं की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. वरच्यांनी ते उडवून लावलं. आणि तीन महिन्यांत भारताकडं 17,000 माणसं मागायची वेळ आली.

सगळ्यात अवघड प्रश्न

पहिली मीटिंग संपताना निषेधवाल्यांना वाटलं आपण जिंकलो. पण दुसऱ्या रविवारी हवालदार तयारी करून आला आणि त्यानं जो प्रश्न टाकला तो मी माझ्या टिपणात घातलाच नव्हता, घालायला पाहिजे होता. तो म्हणाला, मग 71 चं काय? तेव्हा आपण कुणाला विचारून गेलो होतो?

खरंय. बांगलादेशच्या युद्धात, 7 डिसेंबर 1971 ला, युनोच्या आमसभेत लढाई थांबवा, फौजा मागं घ्या असा ठराव 104 विरुद्ध 11 मतांनी पास झाला. म्हणजे जवळजवळ सगळं जग आपल्याला थांबा म्हणत होतं आणि आपण थांबलो नाही, आणि आज कुणी मराठी माणूस म्हणणार नाही की थांबायला पाहिजे होतं. हॉलमधले निम्मे लोक त्या लढाईत होते, त्यामुळं इथं गोलगोल बोलून चालणार नव्हतं.

या एका प्रश्नावर आम्ही तासभर घालवला आणि माझ्या मते हाच या प्रकरणाचा गाभा. त्यातनं जे निघालं ते असं. 71 मध्ये एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्या दारात येऊन पडले होते, घर आपलं पेटत होतं. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी आपल्या विमानतळांवर हल्ला झाला होता. आणि आपण एकटे होतो असं म्हणणंच अर्धवट आहे, 9 ऑगस्टला सोव्हिएत युनियनबरोबर करार केला होता, त्या एका मित्राच्या हातात व्हेटो होता आणि त्यानं तो वापरला. इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप-अमेरिकेत राजधान्या फिरून आल्या, पाठिंबा मिळाला नाही पण आमचं म्हणणं काय आहे हे सगळ्यांना आधी सांगून झालं होतं. उन्हाळ्यातच घुसायच्या ऐवजी पावसाळा जाऊ दिला. आणि तिथली माणसं, मुक्तिवाहिनी, आपल्या बाजूनं लढत होती. 16 डिसेंबरला 93,000 युद्धकैदी, आणि मार्च 1972 पर्यंत आपली फौज परत. राज्य करत बसलो नाही.

इराकला यातलं काय लावता येतं? अमेरिकेचं घर पेटलेलं नव्हतं. 11 सप्टेंबरचा हल्ला इराकनं केलेला नव्हता. घातक शस्त्रं आहेत असं सांगितलं जात होतं, पण जुलैपर्यंत सापडली नव्हती आणि तपासणी करणारे लोक आणखी वेळ मागत असताना हल्ला झाला होता. थांबायला जागा होती.

हवालदारानं हे मान्य केलं, पण एक गोष्ट शेवटपर्यंत सोडली नाही. तो म्हणाला, "आता तिथं आग लागलीच हाय. कुणी लावली हे बोलत बसून इझत न्हाई. आपण बाजूला उभं ऱ्हायलो की आपलं हात साफ, पण तिथली माणसं मरतातच की." याला आमच्यापैकी कुणाकडंच नीट उत्तर नव्हतं.

आणि मग दारात उभी असलेली एक बाई आत आली. दिराबरोबर आली होती, मीटिंग पुरुषांची म्हणून बाहेरच थांबलेली. नवरा फौजेत होता, वारला होता, मुलगा सर्व्हिसमध्ये. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि अध्यक्षांकडं बघून विचारलं, "दाजी, समजा गेला आणि तिकडं काय झालं, तर कागदावर काय लिवणार? कुठल्या लढाईत गेला म्हणून? ह्यांच्या वेळंला लिवलंवतं. देशासाटी आसं लिवलंवतं."

अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

काय ठरवलं

पाच जणांनी बसून मसुदा केला. गप्प बसायचा पर्यायही आला होता, की फौजी माणसानं सरकारच्या धोरणावर बोलू नये, आणि तो मला तेव्हाही कमी दर्जाचा वाटला नाही, आजही वाटत नाही. पण आपण आता वर्दीत नाही, नागरिक म्हणून बोलतोय, असं म्हणून तो मागं पडला. नुसतं फिल्ड हॉस्पिटल पाठवा, जसं कोरियात पाठवलं होतं, हाही पर्याय होता, तो वेळ कमी म्हणून नीट चर्चेला आलाच नाही.

शेवटी तीन कलमं झाली. पहिल्यात, दुसऱ्या देशात युद्ध करून सत्ता पालटायला मित्रदेशांच्या आणि युनोच्या संमतीशिवाय जाणं आम्हाला मान्य नाही, मग तो देश कितीही मोठा असो. दुसऱ्यात, युनोचा स्पष्ट आदेश असेल तरच आपली फौज जावी, काँगो, सोमालिया, सिएरा लिओन इथं गेली तशी निळ्या टोपीखाली. तिसरं कलम हवालदाराच्या आग्रहानं आलं: आपल्या देशावर हल्ला झाला तर कुणाच्या पाठिंब्याची वाट बघू नये, आणि तेव्हा आम्ही या वयातही हजर आहोत.

"स्पष्ट" या शब्दावर अर्धा तास गेला. काहींना नुसतं "युनोचा आदेश" पाहिजे होतं. पण 22 मे चा 1483 नंबरचा ठराव होताच, ज्यात युनोनं अमेरिका-ब्रिटनला कब्जेदार सत्ता म्हणून धरलं होतं आणि बाकी देशांना मदतीचं आवाहनही केलं होतं, त्यामुळं आदेश आहेच की असं कुणीही म्हणू शकलं असतं. म्हणून तो शब्द राहिला. हात वर करून मतदान झालं, दोघांनी विरोध केला. हवालदारानं आश्चर्य म्हणजे बाजूनं मत दिलं, तिसऱ्या कलमासाठी.

पुढं काय झालं

ठराव टाईप करून कलेक्टर ऑफिसला आणि दिल्लीला पोस्टानं पाठवला. उत्तर आलं नाही. 14 जुलैला, सोमवारी, केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक समितीनं निर्णय घेतला की युनोचा स्पष्ट आदेश असेल तरच फौज पाठवण्याचा विचार करता येईल. आमचा लिफाफा तोवर दिल्लीत उघडला होता की नाही देवाला माहीत, आमच्यामुळं काही झालं असं मी कधीच म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना तो शब्द बघून आबांनी मला निरोप पाठवला होता, शब्द बरोबर धरलावता म्हणून.

19 ऑगस्टला बगदादमधलं युनोचं ऑफिसच स्फोटात उडवलं, त्यांचे प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्यासह 22 माणसं गेली. निळ्या टोपीखाली सुरक्षित, हे आमचं गृहीत तिथंच हललं. उत्तरेतलं मोसुल 2004 मध्ये हाताबाहेर गेलं. स्पेननं 2004 मध्ये फौज परत नेली. अमेरिकेची फौज डिसेंबर 2011 ला बाहेर पडली तोपर्यंत त्यांचे सुमारे साडेचार हजार सैनिक गेले होते आणि इराकी माणसं लाखाच्या वर. घातक शस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत. ब्रिटननं नेमलेल्या चौकशीचा अहवाल 2016 मध्ये आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की युद्धाआधीचे शांततेचे सगळे मार्ग संपलेले नव्हते.

विरोध करणाऱ्या दोघांची भीती होती की नाही म्हटलं तर अमेरिका कायमची तुटेल. तसं झालं नाही, दोनच वर्षांत, 18 जुलै 2005 ला अणुकराराची घोषणा झाली. नाही म्हणणाऱ्या मित्राशीसुद्धा मैत्री राहते हे त्यातनं दिसलं, आणि हे अमेरिकेनं 2003 च्या मार्चमध्ये फ्रान्स-जर्मनीच्या बाबतीत लक्षात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आज परत करायचं झालं तर

फिल्ड हॉस्पिटलचा पर्याय मी नीट मांडला असता. आग कुणी लावली हे बोलत बसून विझत नाही, या हवालदाराच्या म्हणण्याला थोडंफार उत्तर त्यात होतं. आम्ही हो आणि नाही यातच अडकलो.

71 चा प्रश्न पहिल्याच दिवशी घेतला असता. आपल्याला अडचणीचं उदाहरण आधी टेबलावर ठेवायचं, हे मी नंतर वर्गात पाळायला लागलो.

आणि दोन मीटिंग, चार-पाच तास चर्चा, त्यात इराकी माणसाला काय पाहिजे हा प्रश्न एकदाही आला नाही. सद्दामच्या राजवटीत कुर्दांवर हलब्जात 1988 मध्ये विषारी वायू सोडला होता, त्या माणसांना 2003 चं युद्ध कसं वाटलं असेल? उत्तरेतले कुर्द अमेरिकन फौजेबरोबर लढत होते. ते आमच्या हिशोबात आलेच नाहीत. पहिलं कलम मी आजही तसंच लिहीन, पण ते लिहायच्या आधी हा प्रश्न विचारायला पाहिजे होता.

ठरावाची झेरॉक्स घेऊन मी त्या बाईंच्या गावी गेलो होतो, निर्णय झाल्यावर, आठवड्याभरानं. पोरगा आता जाणार नाही म्हणून चहाबरोबर बुंदीचा लाडू दिला. कागद पुतण्याकडनं वाचून घेतला, नीट ऐकला, आणि म्हणाल्या, "चांगलं लिवलंय. पर मी इचारलंवतं ते कुठं हाय ह्यात?" मी कागद परत बघितला. आम्ही मसुद्यात एकदा "जवानांच्या सेवाशर्ती" असं काहीतरी लिहिलं होतं आणि लांबतंय म्हणून तेही काढून टाकलं होतं. तिच्या प्रश्नाची ओळ कुठंच नव्हती.

ती झेरॉक्स माझ्याकडं आहे, घडीवर थोडी फाटलीय. आता वर्गात हा विषय आला की मी तिच्या कॉप्या वाटतो आणि मुलांना पहिल्या कलमाच्या वर दोन ओळींची जागा सोडून ठराव परत लिहायला सांगतो, एक त्या बाईंची आणि एक मोसुलमधल्या कुणाची तरी.